तात्यांच्या सायकलची बॅटरी

पहाटे साडेचार वाजले की आमच्या आळीत सायकलची घंटी वाजते. तात्या दूध घेऊन नाशिकला निघाले, असे आम्ही ओळखतो. सायकलच्या मागे दोन बाजूंना दोन किटल्या. एकेका किटलीत दहा लिटर दूध. गंगापूर रोडने जायचे, घरोघर रतीब घालायचा आणि नऊच्या आत गावात परत यायचे. तीस वर्षे त्यांचा हा नेम आहे.

तात्यांची सायकल विजेवर चालते. तीन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे धरले, तेव्हा मुलाने ती घेऊन दिली. पायडल मारावेच लागते, पण मागच्या चाकात एक मोटार बसवलेली आहे, ती जोर लावते. मोटारीला वीज मिळते बॅटरीतून. ही बॅटरी सायकलच्या आडव्या दांडीवर बसते. घरी आले की ती काढायची, चार्जरला लावायची. सकाळी पुन्हा भरलेली.

यंदाच्या मार्गशीर्षात एक दिवस तात्या साडेनऊ झाले तरी आले नाहीत. अकरा वाजता सायकल हाताने ढकलत आले. घामाघूम झाले होते. जातानाच अर्ध्या वाटेत बॅटरी संपली होती. भरल्या किटल्यांसकट त्यांनी सायकल ढकलत नेली. दूध उशिरा पोचले. लोकांनी तोवर पिशवीचे दूध आणून चहा केला होता. पुढच्या आठवड्यात असे आणखी दोनदा झाले. तीन घरांनी रतीब बंद केला.

आता नवी बॅटरी घेणे भाग होते. तात्यांना घाई झाली होती. कोणाला न विचारता ते गेले आणि साडेचार हजार रुपयांना बॅटरी घेऊन आले. पैसे वहिनींनी बचत गटातून काढून दिले होते. बॅटरी निळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेली, दिसायला झकास. वर मोठा कागद चिकटवलेला. दुकानदार म्हणाला होता, "जुनी दहाची होती, ही वीसची आहे. दुप्पट चालेल."

दुसऱ्या दिवशी ती दहा किलोमीटरवर थांबली.

संध्याकाळी तात्या ती बॅटरी फडक्यात बांधून आपल्या साक्षरता वर्गावर घेऊन आले. वहिनी वर्गाला येतातच. तात्या कधी येत नाहीत. त्या दिवशी आले. म्हणाले, "गुरुजी, ह्याच्यावर वीस लिहिलंय म्हणतात. ते वीस गेलं कुठं?"

त्या दिवशीचा धडा मी बाजूला ठेवला आणि त्या बॅटरीचाच धडा घेतला. तोच इथे लिहून देत आहे. विजेच्या सायकली आता गावोगाव झाल्या आहेत. आज ना उद्या हा खर्च तुमच्याही दारात येईल.

पहिल्याने आम्ही बॅटरीवरचा कागद वाचला. त्यावर सगळे इंग्रजीत होते. वर्गातली मंडळी बिचकली. मी म्हटले, सगळे वाचायला नको. आपल्याला दोन खुणा आणि दोन आकडे पुरेत.

पहिली खूण 'व्ही'. दोन काठ्या वर फाकलेल्या आणि खाली टोकाला मिळालेल्या, अशी ती दिसते. बेचकीच्या दोन फांद्यांसारखी. ही खूण ज्या आकड्यापुढे असेल, तो आकडा व्होल्टचा.

दुसरी खूण 'एएच'. यात दोन अक्षरे शेजारी असतात. पहिले अक्षर तंबूसारखे असते, मध्ये आडवी काठी. दुसरे अक्षर कधी मोठे, कधी लहान काढतात. मोठे असेल तर एकाच पायरीची शिडी. लहान असेल तर पाठीच्या खुर्चीसारखे. या खुणेमागचा आकडा एएचचा. एएच म्हणजे अँपिअर-तास.

आकडे वाचताना मात्र सावध राहा. आपले आकडे आणि इंग्रजी आकडे यांत फसगत होते. इंग्रजी आठ आपल्या चारासारखा दिसतो, फक्त वरून बंद असतो. इंग्रजी नऊ आपल्या एकासारखा दिसतो. इंग्रजी चार उलट्या ठेवलेल्या खुर्चीसारखा असतो. दोन, तीन आणि शून्य हे बरेचसे आपल्यासारखेच. मी फळ्यावर दोन्ही ओळी एकाखाली एक काढल्या. वहिनींनी त्या वहीत उतरवून घेतल्या. मग बॅटरी मांडीवर घेऊन त्यांनी बोट ठेवून वाचले, "छत्तीस व्होल्ट. वीस एएच."

दुकानदार बोलला तेच कागदावर होते. म्हणजे वाचण्यात चूक नव्हती. कागदच खोटा होता की काय, ते पाहायचे होते.

त्याआधी या शब्दांचा अर्थ कळायला हवा. शेताला पाणी देणाऱ्याला तो चटकन कळतो. घराच्या माळ्यावर पाण्याची टाकी आहे असे समजा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला दाब. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. नळाची तोटी सोडली की धार पडते. धार जाड की बारीक, ते अँपिअर सांगतो. आणि टाकीत पाणी मावते किती? ते सांगतो एएच. एक अँपिअरची धार दहा तास पुरली, तर ती बॅटरी १० एएचची. दोन अँपिअरची धार लावली, तर तीच बॅटरी पाच तास पुरेल.

व्होल्ट, अँपिअर आणि वॉट हे तिन्ही शब्द माणसांच्या नावांवरून आले आहेत. व्होल्टा हे इटलीचे. पहिली बॅटरी त्यांनी १८०० साली केली. जस्त आणि तांबे यांच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापडाचा तुकडा, अशी ती चळत होती. अँपिअर हे फ्रान्सचे. वॉट हे स्कॉटलंडचे, वाफेच्या यंत्रात सुधारणा करणारे.

आता गुणाकार येणाऱ्यांनी पुढे या. व्होल्ट आणि एएच यांचा गुणाकार केला की बॅटरीत एकंदर वीज किती मावते ते कळते. त्याला वॉट-तास म्हणतात. तात्यांची जुनी बॅटरी ३६ व्होल्टची आणि १० एएचची होती.

३६ × १० = ३६० वॉट-तास.

आपल्या वीजबिलात जे युनिट असते, ते १००० वॉट-तासांचे. म्हणजे तात्यांची बॅटरी एकदा पूर्ण भरायला अर्धे युनिटसुद्धा लागत नाही. पेट्रोलच्या मानाने हा खर्च काहीच नाही. खरा खर्च बॅटरीचाच. म्हणून तर ती पारखून घ्यायची.

सायकल किती वीज खाते? माणूस पायडल मारत असेल आणि रस्ता सपाट असेल, तर एका किलोमीटरला १० वॉट-तासांच्या आसपास. ओझे असेल, चढ असेल, समोरून वारा असेल, तर १५. नुसते बसून मोटारीवर गेले तर त्याहूनही जास्त. तात्यांच्या मागे वीस लिटर दूध असते, म्हणून आम्ही १५ धरले.

तात्यांची फेरी किती? जाताना १२ किलोमीटर, येताना १२. एकूण २४.

२४ × १५ = ३६० वॉट-तास.

वर्गात सगळे गप्प झाले. बॅटरीत ३६० आणि खर्चही ३६०! वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तळ लागंस्तोवर." बरोबर. सायकल घेतली तेव्हा तात्यांची फेरी १६ किलोमीटरचीच होती. पुढे गंगापूर रोडला नवी घरे झाली, नवे रतीब लागले, फेरी वाढली. बॅटरी मात्र तेवढीच राहिली. शिवाय बॅटरीची टाकी वर्षागणिक आक्रसते. तात्यांनी तीन वर्षे जवळजवळ रोज ती भरली आणि रिकामी केली, म्हणजे हजारभर वेळा. लिथियमच्या बॅटरीने एवढे केले म्हणजे तिने आपले काम चोख केले. तिला नावे ठेवायला जागा नाही.

आता नवीकडे वळू. कागद म्हणतो ३६ व्होल्ट, २० एएच. म्हणजे ७२० वॉट-तास. म्हणजे तात्यांना ४८ किलोमीटर पुरायला हवी. ती दहा किलोमीटरवर थांबली. यात काही खोट आहे हे कळले. पण विकत घेण्याआधी हे कसे कळावे? दुकानात तर सायकल दहा किलोमीटर चालवून बघता येत नाही.

मी वाण्याच्या दुकानातून काटा मागवला. बॅटरी काट्यावर ठेवली. वजन भरले १ किलो ९०० ग्रॅम.

मंडळी, इथे नीट लक्ष द्या. लिथियमच्या बॅटरीत लहान लहान नळकांडी असतात. अंगठ्याएवढी जाड, करंगळीएवढी लांब. त्यांना सेल म्हणतात. असा एक सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. नेहमीच्या सेलमध्ये ९ वॉट-तासांच्या आसपास वीज मावते. अगदी उत्तम सेल असला तरी १२-१३. तेवढ्या धातूत त्याहून जास्त मावतच नाही. पोत्यात मावेल तेवढेच धान्य, तसे. म्हणून वजनावरून अंदाज काढता येतो. पेटीसकट भरलेल्या चांगल्या बॅटरीत दर किलोला दीडशे वॉट-तास निघतात. फार उत्तम असेल तर दोनशेच्या जवळ जाईल. या सेलांच्या बॅटरीवर त्याहून जास्त लिहिलेले असेल, तर त्या कागदावर विश्वास ठेवू नका.

७२० ला १.९ ने भागा. उत्तर येते ३७९. एका किलोत ३७९! असे होत नाही. खरीखुरी २० एएचची बॅटरी असती, तर तिच्यात ऐंशी सेल लागले असते आणि वजन चार किलोच्या घरात गेले असते. म्हणजे आत सेल कमी होते, आणि जे होते तेही हलक्या प्रतीचे किंवा कोणी वापरून टाकलेले असावेत.

तात्या बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दुधात पाणी घालणाऱ्याला आम्ही नावं ठेवतो. हे तर नुसतंच पाणी निघालं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर त्या दुकानात गेलो. पक्के बिल नव्हते. हमीचा कागद नव्हता. दुकानदार म्हणाला, "माल तुम्ही बघून घेतलात." बिल असते तर ग्राहक आयोगाकडे जाता आले असते, किंवा १९१५ या सरकारी क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवता आली असती. हातात कागद नाही, मग काय दाखवणार? साडेचार हजार गेले ते गेलेच. बचत गटाचा हप्ता मात्र चालूच राहिला.

यात माझाही एक दोष आहे, तो सांगून टाकतो. बॅटरी खरोखर गेली आहे का, हे तात्यांनी आधी पाहिले होते का, असे मी विचारलेच नाही. पुष्कळदा बॅटरी शाबूत असते आणि भलत्याच कारणाने सायकल लवकर थांबते. चाकात हवा कमी असते. ब्रेकचे रबर रिमला घासत असते. पावसाळ्यानंतर जोडणीच्या पिना गंजतात. कधी चार्जरच बिघडलेला असतो आणि बॅटरी रात्रभर लावूनही अर्धीच भरते. हे सगळे शंभर-दोनशे रुपयांत निभावते. ३६ व्होल्टची नेहमीची लिथियम बॅटरी पूर्ण भरली की मीटरवर ४२ व्होल्टच्या जवळपास दाखवते. गावातल्या वायरमनकडे असा मीटर असतो. तेवढे दाखवूनही ती थोड्याच अंतरात बसत असेल, तर मात्र बॅटरी म्हातारी झाली. आणखी एक. आपल्याकडे निफाडला पारा खाली उतरतो त्या दिवसांत पहाटे बॅटरी थोडी कमीच चालते. थंडीचा तो गुण आहे. उन्हाळ्यात ती पुन्हा सावरते. तेवढ्यावरून नवी घेऊ नये. तात्यांची बॅटरी आम्ही मीटरवर तपासली. ती खरीच संपली होती.

आता बॅटरी कोणत्या जातीची घ्यावी, ते थोडक्यात सांगतो. स्वस्त सायकलींत शिशाची बॅटरी असते. ट्रॅक्टरला असते त्याच घराण्यातली. १२ व्होल्टचे तीन डबे जोडले की ३६ व्होल्ट. ती स्वस्त पडते. पण तीन डब्यांचे ओझे बारा किलोपर्यंत जाते, आणि रोज पूर्ण रिकामी केली तर वर्ष-दीड वर्षात दम तोडते. दुसरी लिथियमची. हलकी, महाग, जास्त टिकणारी. तिच्यातही दोन पोटजाती आहेत. एक नेहमीची. दुसरीत लोह आणि फॉस्फेट असते. ही दुसरी थोडी जड आणि मोठी असते, पण उष्णता जास्त सोसते आणि नेहमीचीपेक्षा दुप्पट वेळा भरता येते. तुमच्या सायकलच्या खोबणीत ती बसत असेल आणि पैसे पुरत असतील, तर अवश्य घ्या. तात्यांच्या दांडीच्या पेटीत ती मावली नाही.

लिथियम बॅटरी शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांतले गुडइनफ हे तेव्हा ९७ वर्षांचे होते. हे मी वर्गात सांगितले, तेव्हा आपल्या वर्गातल्या सर्वांत वडील आजी, वय ७८, म्हणाल्या, "मग मी तर पोरच की!"

दुसऱ्यांदा बॅटरी घ्यायला आम्ही तिघे नाशिकला गेलो. तात्या, वहिनी आणि मी. जाताना जुनी बॅटरी आणि जुना चार्जर दोन्ही पिशवीत घेतले. वहिनींनी एका चिठ्ठीवर लिहून घेतले होते. किती व्होल्ट, किती एएच हवे, पेटीची लांबी किती, पिना किती, कुलूप कोणत्या बाजूला.

एएच किती हवे, हा हिशेब घरीच झाला होता. ३६० तर रोजचा खर्च. रोज तळ गाठला की बॅटरी लवकर मरते. आणि दोन-तीन वर्षांनी टाकी आक्रसणारच. म्हणून १३ एएच ठरवले.

३६ × १३ = ४६८ वॉट-तास.

पुढे ती आक्रसून ऐंशी टक्क्यांवर आली, तरी ३७४ उरतात. तेव्हाही तात्यांची फेरी पुरी होईल. १७ एएचची घेतली असती तर आणखी निवांत झाले असते. पण पैसेही तेवढे नव्हते, आणि पेटीत तेवढी मावतही नव्हती. ज्याची रोजची फेरी आठ-दहा किलोमीटरची आहे, त्याने १३ च्या मागे लागू नये. ७ किंवा ८ एएच त्याला पुष्कळ. न लागणाऱ्या बॅटरीत पैसे कशाला अडकवायचे?

पहिल्या दुकानात एक तरुण मुलगा होता. बोलायला गोड. तो म्हणाला, "आजोबा, छत्तीस कशाला? अठ्ठेचाळीस व्होल्टची लावा. गाडी पळेल बघा." तात्यांचे डोळे चमकले. मी वहिनींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "टाकी उंच केली आणि पाइप जुनाच ठेवला, तर पाइप फुटंल ना?"

याहून चांगले मलाही सांगता आले नसते. सायकलमध्ये मोटारीला वीज वाटून देणारी एक डबी असते, तिला कंट्रोलर म्हणतात. ती ३६ व्होल्टसाठी केलेली असेल तर ४८ वर जळते. शिवाय कायद्याचाही प्रश्न येतो. सायकलची मोटार २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर तिला नंबरपाटी लागत नाही आणि परवानाही लागत नाही. वेग वाढवला की ती सवलत जाते. एएच वाढवले तर चालते. व्होल्ट मात्र जितके होते तितकेच ठेवायचे.

तिथून जवळच एक कारागीर जुन्या पेटीत नवे सेल भरून देत होता. त्याने निम्म्या पैशांत सांगितले. हे काम चांगलेही होते आणि वाईटही. मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. सेल एकाच कंपनीचे आणि नवे आहेत का? ते पट्टीला टाके मारून जोडणार की कथिलाचा डाग देऊन? कारण डागाच्या उष्णतेने सेल बिघडतो. आणि आतली रक्षक पाटी नवी घालणार का? प्रत्येक लिथियम बॅटरीत एक लहान पाटी असते. बॅटरी जास्त भरली, जास्त रिकामी झाली किंवा तारा एकमेकींना चिकटल्या तर ती वीज तोडते. तिच्याशिवाय लिथियम बॅटरी घरात आणूच नये. त्या कारागिराने जुन्या लॅपटॉपमधले सेल भरलेले डबे दाखवले, तेव्हा आम्ही नमस्कार करून निघालो.

तिसऱ्या दुकानात मनासारखे जमले. वहिनींनी कागद वाचला. ३६ व्होल्ट, १३ एएच. खाली वॉट-तासही छापलेले होते, ४६८. बॅटरी तयार झाल्याची तारीख चार महिन्यांपूर्वीची होती. वर्ष-दोन वर्षे फडताळात पडलेली घेऊ नये, न वापरताही ती झिजते. दुकानदाराने मीटर लावून दाखवला. ३७ व्होल्ट होते. अर्धी भरलेली नवी बॅटरी असेच दाखवते. मग वहिनींनी पिशवीतून ताणकाटा काढला आणि बॅटरी त्याला टांगली. दुकानदार हसू लागला. वजन भरले ३ किलो १०० ग्रॅम. ४६८ भागिले ३.१, म्हणजे १५१. वहिनींनी मान डोलावली. दुकानदाराचे हसू थांबले. म्हणाला, "ताई, असं तपासणारं गिऱ्हाईक मी आजवर पाहिलं नाही."

सायकलचा कंट्रोलर किती अँपिअर ओढतो, तेही त्याने जुळवून पाहिले. आमचा १५ चा होता. बॅटरी २० अँपिअरपर्यंत धार देणारी होती. बॅटरीचा आकडा मोठाच असावा. नाहीतर चढाला सायकल मध्येच बंद पडते. बारा हजार रुपये झाले. पक्के बिल घेतले. हमीपत्रावर शिक्का आणि तारीख घालून घेतली. पैसे जाताना तात्यांचा हात जड झाला, ते मी पाहिले.

चार्जर जुनाच चालला, कारण त्यावर ४२ व्होल्ट आणि २ अँपिअर लिहिलेले होते आणि बॅटरीही त्याच जातीची होती. १३ ला २ ने भागा. पूर्ण भरायला साडेसहा तास, वर थोडे. हे जुळवणे फार महत्त्वाचे. शिशाच्या बॅटरीचा चार्जर ४४ व्होल्टपर्यंत जातो. पिन बसली म्हणून तो लिथियमला लावला, तर बॅटरी आतून तापते, फुगते आणि पेटूही शकते.

ही भीती उगीच घालत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये नाशिकलाच पाथर्डी फाट्याजवळ एका ट्रकमध्ये भरलेल्या विजेच्या वीसेक स्कूटर पेटल्या होत्या. जीवितहानी झाली नाही, पण गाड्या जळून गेल्या. सायकलची बॅटरी लहान असते, तरी जात तीच.

तात्यांच्या घरी मी गेलो तेव्हा चार्जर चुलीशेजारच्या फळीवर होता. बॅटरीवर गोणपाट टाकलेले, आणि शेजारीच नातवंडांची अंथरुणे. तात्या म्हणाले, "थंडीनं गारठू नये म्हणून झाकली." आम्ही ती जागा बदलली. आता ती ओसरीत शहाबादी फरशीवर असते. आसपास कडबा नाही, कपडे नाहीत. बाहेर पडायच्या दारात ठेवायची नाही, म्हणजे काही झालेच तर वाट अडणार नाही. फेरीवरून आल्यावर ती अर्धा तास निवू द्यायची, मगच लावायची. माणसे जागी असताना लावायची आणि भरली की काढायची. तात्या नऊला येतात, तेव्हा दिवसा लावणे त्यांना सोयीचेच. उन्हात ठेवायची नाही. पडली, फुगली, वास आला किंवा हात लावता येणार नाही इतकी तापली, तर पुन्हा वापरायची नाही. धूर निघू लागला तर विझवत बसू नका. माणसे आणि जनावरे बाहेर काढा आणि १०१ ला फोन लावा. तो धूर विषारी असतो.

जुन्या दोन्ही बॅटऱ्यांचे काय करायचे? भंगारवाला दोनशे रुपये देत होता. तो ती फोडणार, आणि फोडताना ती पेटणार. बॅटरीवर चाकाच्या कचरापेटीचे चित्र असते आणि त्यावर फुली मारलेली असते. कचऱ्यात टाकू नका, असा त्याचा अर्थ. २०२२ साली सरकारने जुन्या बॅटऱ्यांचे नियम केले. बॅटरी करणाऱ्यांनी आणि विकणाऱ्या कंपन्यांनी जुन्या परत गोळा करायच्या, आणि आपण त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून गोळा करणाऱ्याकडे द्यायच्या. जिथे नवी घेतली त्याच दुकानात आम्ही दोन्ही देऊन आलो.

नवी बॅटरी आली त्या रात्री वहिनींनी वहीत एक पान आखले. रोजची तारीख, किती किलोमीटर, घरी आल्यावर किती दिवे उरले. पेटीवर चार दिवे आहेत. पहिल्या दिवशीची ओळ त्यांनी स्वतः लिहिली: २४ किलोमीटर, २ दिवे. खाली तात्यांनी सही केली. सही अजून वाकडी येते. बंद झालेल्या तीन रतिबांपैकी दोन परत लागले आहेत. तिसऱ्या घरी ते अजून विचारायला गेलेले नाहीत.